एका विशेषणाचे मास्तर

इंग्रज हा देश सोडून गेले तेव्हा गडबडीत आपली विशेषणं इथंच विसरून गेले, आणि त्या विशेषणांची राखण करणारा सगळ्या हिंदुस्थानात जो एकच माणूस उरला, तो कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या टोकाला राहत होता, असं माझं प्रामाणिक मत आहे. उर्दू शाळेत ते इंग्रजी शिकवत. आमच्या गल्लीत मास्तर तसे पाच होते. पण बाकीच्या चौघांना ओळखायला आडनाव लागे, गावाचं नाव लागे, नाहीतर एखादी खोड सांगावी लागे. नुसतं 'मास्तर' म्हटलं की हेच. उंच, मानेपाशी किंचित वाकलेले, वैशाखातसुद्धा बंद गळ्याच्या कोटात, आणि त्या कोटाच्या सगळ्या खिशांत कागदाच्या चिठ्ठ्या. वारा सुटला की लोक डोक्यावरची टोपी धरत, मास्तर खिसे धरत. वय शेहेचाळीस, एकटे, आणि एकटे का, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती, कारण विचारणाऱ्याला ते 'एकटा' या शब्दाचे चार प्रकार समजावून सांगत.

माझा त्या वेळी लहानसा छापखाना होता. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. पायानं चालवायचं एक ट्रेडल मशीन, खिळे जुळवणारे दोघे जुळारी, आणि लग्नपत्रिका, हस्तपत्रकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली कामं. शाळा सुटली की घरी जायच्या आधी मास्तर छापखान्यात येत, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसत आणि मला 'जनाब' म्हणत. मला आयुष्यात दुसऱ्या कुणी जनाब म्हटलेलं नाही. एरवी गिऱ्हाईक रस्त्यावरूनच हाक घालायचं, "ओ मालक, पत्रिका झाल्या का न्हाय? का लगीन झाल्यावर वाटू?" त्यामुळं रोज संध्याकाळी तासभर तरी आपण कुणीतरी आहोत असं मला वाटायचं, आणि त्या तासाभराच्या बदल्यात मी त्यांच्या चिठ्ठ्या ऐकून घ्यायचो.

मास्तरांचं म्हणणं असं की, नाम कुणीही वापरावं, क्रियापदावाचून तर गत्यंतरच नाही, पण विशेषण म्हणजे साक्ष आहे. 'खुर्ची' म्हणणं ही बातमी झाली. 'मजबूत खुर्ची' हा दावा झाला, आणि दावा करणाऱ्यानं आधी त्या खुर्चीवर बसून पाहिलं पाहिजे. हे ते नुसतं सांगत नसत, पाळत. एकदा आमच्या घरी चहाला आले. माझी बायको दाराशी उभी राहून म्हणाली, "कसा झालाय मास्तर चहा?" मास्तरांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला आणि म्हणाले, "गरम आहे, वहिनी." ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. मास्तर म्हणाले, "एवढंच मला खात्रीनं सांगता येतं. बाकीचं सांगायला अजून दहा-बारा घरचा चहा प्यावा लागेल." त्यानंतर बरेच दिवस माझी बायको त्यांच्यापुढं कप ठेवायची तो जरा आवाज करूनच.

शाळेतून पुढं जाणाऱ्या पोरांना चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे. बाकीचे शिक्षक एका दमात कष्टाळू, आज्ञाधारक आणि प्रामाणिक अशी तीन विशेषणं एका रांगेत उभी करून खाली सही ठोकत. मास्तरांकडून एका पोराला असा दाखला मिळाला : 'हा मुलगा उंच आहे. माझ्या तासाला तो कधी उशिरा आला नाही. त्याचा प्रामाणिकपणा तपासण्याचा प्रसंग माझ्यावर आलेला नाही.' पोराचा बाप तो कागद नाचवत छापखान्यात आला. "मास्तर, अवं ह्यो दाखला हाय का पंचनामा?" मास्तर शांतपणे म्हणाले, "यातला एक शब्द खोटा दाखवा, मी कागद बदलून देतो." बापाला दाखवता आला नाही. पोरगा त्याच कागदावर पोलिसांत भरती झाला, कारण तिथं त्यांना उंचीचाच पुरावा पाहिजे होता. मास्तरांना त्याचं काही नवल वाटलं नाही.

विशेषण पुस्तकात शिकायचं नसतं, ते जिथं राहतं तिथं जाऊन पाहायचं असतं, ही त्यांची शिकवण्याची पद्धत. 'रिलक्टंट' हा शब्द वर्गात आला तेव्हा त्यांनी आठवीचा अख्खा वर्ग संध्याकाळी रंकाळ्यावर नेला आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींसमोर रांगेनं उभा केला. घरी जायची वेळ झाली, म्हसरंवाल्यानं काठावरून हाक दिली, आणि एकेक म्हैस पाण्यातून निघू लागली. एक पाय बाहेर, मग थांबायचं, मग मागं वळून पाण्याकडं बघायचं, मग दुसरा पाय. मास्तर हळू आवाजात सांगत होते, "पाहा, तिला कुणी ओढत नाही. कुणी मारत नाही. ती जाणार आहे हे तिलाही ठाऊक आहे. पण तिच्या डोळ्यांत पाहा." चाळीस पोरं म्हशीच्या डोळ्यांत बघू लागली तशी म्हैस बुजली आणि परत पाण्यात शिरली. म्हसरंवाला खवळला. "काय मास्तर, माझ्या म्हशीला विंग्लिश शिकवताय व्हय? आधी धारंचं बघू द्या की." मास्तरांनी त्याची माफी मागितली आणि पोरांना म्हणाले, "आणि हे गृहस्थ रिलक्टंट नाहीत, हे नुसते रागावलेले आहेत. फरक ध्यानात ठेवा."

या शब्दावर त्यांचा जीव जडला होता. त्याला कारण असं की, उर्दू शाळेतली मुलं जो कोश वापरत त्यात या शब्दापुढं एकच शब्द दिलेला होता : नाराज. मास्तरांना तो अन्याय वाटे. "एका शब्दाला एक शब्द? हा काय धान्यबाजार आहे, जनाब, शेराला शेर मोजायला? नाराज माणूस घरीच बसतो. मजबूर माणसाला दुसरे घेऊन जातात. रिलक्टंट माणूस आपल्या पायांनी जातो आणि शेवटी पोचतोही, पण मन उंबऱ्यावर ठेवून निघतो, आणि ते मन पाठीमागून येईपर्यंत हळूहळू चालत राहतो. उर्दू बोलणाऱ्याला हे कोण सांगणार?" हे सांगायचं काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. उर्दू जाणणाऱ्यांसाठी इंग्रजी विशेषणांची पुस्तकमाला काढायची, आणि प्रत्येक विशेषणाला सोळा पानांची स्वतंत्र पुस्तिका. दोनशे विशेषणं त्यांनी निवडून ठेवली होती. पहिल्या विशेषणाला तीन वर्षं लागली. त्या हिशेबानं माला पुरी व्हायला सहाशे वर्षं लागणार, हे मी त्यांना एकदा सांगितलं. मास्तर म्हणाले, "मग आपण बोलण्यात वेळ घालवू नये."

माझ्याकडं उर्दूचे खिळे नव्हते. मास्तर उर्दू मजकूर बोरूनं स्वतः लिहीत, त्याचे ब्लॉक पुण्याहून करून येत, आणि इंग्रजी ओळी आम्ही खिळ्यांनी जुळवत असू. एक भाषा डावीकडून निघालेली, दुसरी उजवीकडून. पानाच्या मधोमध दोन्ही समोरासमोर येऊन थांबल्या की माझा जुळारी कपाळावर हात मारून म्हणे, "मास्तर, ह्या दोघींची गाठ घालायचं काम देवाचं हाय, माझं न्हवं."

आता मास्तरांची दुसरी एक सवय सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळायची नाही. मास्तर कुठलीही गोष्ट पहिल्यांदा नाकारत. दुसऱ्यांदाही नाकारत. तिसऱ्यांदा विचारलं की घेत. त्यांच्या उस्तादांनी लहानपणी लावलेली ती शिस्त होती. पहिल्या झटक्यात हात पुढं करणारा माणूस अधाशी, असा त्या शाळेचा नियम. लखनौ-हैदराबादकडं हे चालत असेल, तिथं विचारणाऱ्यालाही तीनदा विचारायचं ठाऊक असतं. आमच्या कोल्हापुरात रीत वेगळी. इथं खायला-प्यायला मुळी विचारतच नाहीत, सरळ ताटात वाढतात, आणि 'नको' म्हणणाऱ्याच्या हातावरसुद्धा रस्सा ओततात. त्यामुळं जेवणावळीत मास्तरांचं निभावून जाई. पण जी गोष्ट ताटात वाढता येत नाही, ती इथं एकदाच विचारतात, आणि मग न्हाय म्हंजे न्हाय.

तर एका रविवारी दुपारी मास्तर अकरावं पान तपासत बसले होते. तेवढ्यात घड्याळजी आला. बाजारात याचं घड्याळ दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं, आणि गल्लीतली सगळी घड्याळं त्याच्या शब्दावर चालत. त्याची मोठी बहीण मुलींच्या उर्दू शाळेत शिवणकाम शिकवायची. वडील लवकर गेले, पाठच्या तीन भावंडांना तिनं मशीन चालवून वाढवलं, त्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. घड्याळजी स्टूल ओढून बसला आणि घड्याळाचं झाकण उघडावं तसा सरळ विषय उघडला. "मास्तर, आमच्या आपाचं तुमच्यासंगट जमवावं म्हंतोय. काय म्हंता?"

मास्तरांचे कान लाल झाले. हातातली लेखणी त्यांनी टोपण लावून खिशात ठेवली, परत काढली. मग मान खाली घालून म्हणाले, "मी त्यांच्या लायक नाही."

"बरं," घड्याळजी म्हणाला, उठला, आणि सायकलीवर टांग टाकून गेला.

एवढंच झालं. माझ्या हातातला कागद खाली ठेवेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी मास्तरांकडं पाहिलं. ते दाराकडं पाहत होते. मला वाटलं, सुटले बिचारे. पण दुसऱ्या दिवशीही ते दाराकडंच पाहत होते. तिसऱ्या दिवशी सायकलीची घंटा वाजली की मान वर करू लागले. पाचव्या दिवशी कोट इस्त्रीचा होता. आठवडा गेला तरी अकराव्या पानाचं बारावं होईना, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघतोय.

मी घड्याळजीचं दुकान गाठलं. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरला होता. मी म्हटलं, "अरे, मास्तर नाही म्हणाले नाहीत."

"ह्या कानांनी ऐकलंय मी," तो भिंग न काढता म्हणाला.

"ती त्यांची रीत आहे. दोनदा नाही म्हणतात, तिसऱ्यांदा हो म्हणतात."

"असली कसली रीत? घड्याळ दोन टोल चुकीचं देऊन तिसरा बरोबर देऊ लागलं, तर गिऱ्हाईक माझ्या डोस्क्यात घालंल ते."

"तू अजून एकदा ये."

"आणि त्यांनी फिरून न्हाय म्हटलं की? मालक, मी बहिणीचा भाऊ हाय, मतं मागत हिंडणारा न्हवं." मग त्यानं भिंग काढलं आणि आवाज उतरवला. "मिरजेचं एक स्थळ आलंय. बिजवर हाय, पण घरचं बरं हाय. शुक्रवारी चारला माणसं येणार. आपाचं मन तिकडं न्हाय, हे मला कळतंय. तोंडानं सांगत न्हाय ती. पण मी त्यास्नी काय सांगू? थांबा, आमचं मास्तर अजून आकडा मोजत्यात?"

भिंग परत डोळ्याला लावत तो म्हणाला, "असं करा. तिसऱ्या खेपंला मी येतो. मधली खेप तुम्ही उरका."

अशा रीतीनं एका मुसलमान घरच्या सोयरिकीची दुसरी मागणी एका हिंदू छापखानेवाल्यानं, बोटांना शाई लागलेली असताना, बुधवारी संध्याकाळी घातली. मी घसा खाकरून म्हटलं, "मास्तर, घड्याळजीच्या आपांचं तुमच्याशी जमावं असं आम्हाला वाटतं." मास्तरांचा चेहरा उजळला. इतका की क्षणभर मला वाटलं, नियम मोडणार. पण लगेच मान खाली गेली. "नको. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं स्थळ मिळेल."

"छान," मी म्हटलं. "दोन झाले. आता परवा नमाज झाल्यावर घड्याळजी येईल, तेव्हा मेहेरबानी करून हो म्हणा. चारला मिरजेची माणसं येणार आहेत. चौथी खेप नाही."

मास्तर म्हणाले, "जनाब, एक अडचण आहे. मला ठाऊकच नाही."

"काय ठाऊक नाही?"

"आत होकार आहे, म्हणूनच मी वरून नकार देतो, असं मी आजवर समजत होतो. आत जाऊन पाहिलं नव्हतं कधी." त्यांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या, पुढं टेबलावर पसरल्या, जणू त्यांत कुठंतरी लिहून ठेवलं असावं. "शेहेचाळीस वर्षं तकल्लुफ केली, वरवरचं नको-नको केलं. आता वाटतं, तो शिष्टाचार होता की भीती? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मी जर खरोखरच तयार नसेन, तर त्या बाईंवर अन्याय होईल. आणि तयार असेन, तर दोन वेळा खोटं बोललो. मी अकराव्या पानावर याच्याचपाशी अडलो आहे."

मास्तरांच्या शहाणपणाचा मला कंटाळा येण्याचे प्रसंग फार थोडे. त्यांतला हा एक. मी म्हटलं, "तुम्ही बाईंना किती वेळा भेटलात?"

"सात वेळा," ते ताबडतोब म्हणाले. "शिक्षकांच्या संमेलनात, दोन्ही शाळांच्या परीक्षांत. एकदा त्यांनी माझ्या हातचा उर्दू मजकूर पाहिला आणि म्हणाल्या, मास्तर, तुमची अक्षरं उतारावरून धावत निघाल्यासारखी दिसतात, त्यांना जरा धरा."

"हे तुम्ही मला चौथ्यांदा सांगताय."

"चौथ्यांदा?"

"मी मोजलंय."

मास्तरांनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि त्या दिवशी ते चहा न घेताच उठले. गुरुवारी आले नाहीत. मागाहून कळलं की शाळा सुटल्यावर ते एकटेच पंचगंगेच्या घाटावर जाऊन बसले होते. तिथं त्यांनी काय पाहिलं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पद्धत त्यांचीच, शब्द जिथं राहतो तिथं जाऊन बघायचं. पण हा शब्द नदीवर राहत नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून मास्तर आले. आल्या आल्या स्टुलावर न बसता मशीनपाशी उभे राहिले. मी जुळाऱ्यांना जेवायला पाठवलं. पावणेतीनला सायकलीची घंटा वाजली. घड्याळजी आत आला तो घामाघूम. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, ते चार मिनिटं मागं होतं म्हणून सवयीनं पुढं केलं आणि मास्तरांसमोर उभा राहिला.

"मास्तर, तिसरी खेप हाय. मालकांनी सांगितलं म्हणून आलोय. व्हय का न्हाय, एवढंच सांगा. घरात पावणं यायचं हाईत."

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. मला दिसत होतं, हो म्हणायचं ठरवून आलेले होते. ओठांपर्यंत आणलंही होतं. पण न तपासलेला शब्द बोलायचा नाही, ही तीस वर्षांची सवय मध्ये आडवी पडली. शेवटी मास्तर ताठ उभे राहिले, आणि त्यांच्यापाशी जो एकच पूर्ण तपासलेला, तीन वर्षं घासूनपुसून लख्ख केलेला शब्द होता, तो त्यांनी पुढं ठेवला.

"आय ॲम रिलक्टंट," मास्तर म्हणाले.

घड्याळजीला इंग्रजीतलं घड्याळांच्या तबकडीवरचं सोडून काही येत नव्हतं. तो माझ्याकडं वळला. "काय म्हनलं?"

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच छापूनही दिल्या आहेत. पण त्या क्षणी मी जे बोललो त्याला थाप म्हणायला मी आजही तयार नाही. त्यांच्याच पुस्तिकेची दहा पानं मी स्वतः छापली होती. त्या दहा पानांत तो शब्द ज्याला ज्याला लावला होता, तो तो शेवटी पोचला होता. एकही वाटेत राहिला नव्हता.

"व्हय म्हणाले," मी सांगितलं.

घड्याळजीनं मास्तरांकडं पाहिलं. मीही पाहिलं. मास्तर माझ्याकडं पाहत होते. या माणसानं माझ्या प्रत्येक पत्रिकेतलं इंग्रजी दुरुस्त केलं होतं. गव्हर्नराच्या भाषणातलं केलं होतं, सिनेमाच्या पडद्यावरचं अंधारात उभं राहून केलं होतं. मी त्यांच्या तोंडून दुरुस्ती यायची वाट पाहत होतो. मास्तरांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला, परत डोळ्यांवर चढवला, आणि काही बोलले नाहीत.

"मग आधीच सांगायचं न्हाय व्हय," घड्याळजी म्हणाला. "मिरजंवाल्यास्नी आता चहावर परत लावतो." आणि गेला.

महिन्याभरात निकाह झाला. पत्रिका मीच छापली. मास्तरांनी तिच्यातली एकूण एक विशेषणं काढून टाकली, त्यामुळं ती पोस्टकार्डावर मावली. पुस्तिकाही त्याच सुमारास निघाली. माझ्या बाइंडरानं आयुष्यभराच्या सवयीनं ती डावीकडून शिवली, आणि उर्दू वाचणारे पुस्तक उजवीकडून उघडतात, त्यामुळं सगळे वाचक थेट सोळाव्या पानापासून सुरू झाले. मी पुन्हा शिवून देतो म्हटलं. मास्तर म्हणाले, "राहू द्या. शेवट आधी कळला तर काही जणांचं बरंच होईल." अकराव्या पानावर काय लिहिलं ते मी मुद्दाम पाहिलं. 'शिष्टाचारापोटी नाही म्हणणाऱ्याला हा शब्द लावू नये. त्याच्यासाठी इंग्रजीत शब्द नाही. त्यानं स्वतःच काहीतरी करावं.'

मालेतली दुसरी पुस्तिका निघालीच नाही. बाईंची बदली गारगोटीला झाली, मास्तरांनीही तिकडं एका शाळेत जागा मिळवली, आणि माझ्यासमोरचं स्टूल रिकामं राहिलं. पुढं त्यावर जुळारी डबे ठेवू लागले. जनाब म्हणणारं कुणी उरलं नाही. पत्र येई, त्यात चिठ्ठी असे, मी उत्तर लिहायचं म्हणून ठेवून देई. असं करता करता आठ-नऊ वर्षं गेली.

मग एकदा प्रश्नपत्रिकांच्या कामानं गारगोटीला गेलो आणि उन्हं कलायच्या सुमाराला त्यांच्या घरी पोचलो. बाई ओसरीत मशीनवर बसल्या होत्या. पुढं पांढरा सदरा होता. "झोपलेत आत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अलीकडं दुपारी अंग टाकतात. बसा, उठवते थोड्या वेळानं." मी बसलो. मुलाबाळांचं बोलणं झालं, त्यांना नव्हती. घड्याळजीचं झालं, त्याचं दुकान आता पक्क्या गाळ्यात होतं. मग बाईंनी मशीन थांबवलं.

"भाईसाहेब, एक विचारू? त्या शुक्रवारी हे काय म्हणाले होते? माझा भाऊ सांगतो, हो म्हणाले. पण यांना मी आता ओळखते. हे हो म्हणालेले नसणार."

मी कबूल केलं. शब्द सांगितला, तसाच्या तसा. आणि मी त्याचं काय केलं तेही सांगितलं.

बाईंनी ती पुस्तिका वाचलेली होती, शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. सदऱ्याची शिवण बोटानं दाबत त्या म्हणाल्या, "मी पण तेच होते त्या दिवशी. भाऊ परत आला, म्हणाला, मास्तरांचं हो आहे. चौदा वर्षं मी त्या शाळेत होते, माझं मशीन होतं, माझी खोली होती. मला भीती वाटली. पण मला तिसऱ्यांदा काय, पहिल्यांदाही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगायची वेळ आली नाही."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय," त्या म्हणाल्या. "आले. दोघंही आलो."

त्यांनी सदरा फिरवून दुसरी बाही सुईखाली घेतली आणि मशीन पुन्हा चालू केलं. आतून मास्तरांनी कूस बदलल्याचा आवाज आला, तसा बाईंनी पायाचा वेग कमी केला, आणि ती बाही पुरी होईपर्यंत त्या तशाच हळूहळू शिवत राहिल्या.